कारवाई टिकते ती पहिल्या अर्ध्या तासातल्या कागदांवर

(मुंबईतल्या महाविद्यालयांच्या परीक्षा आणि शिस्तपालन समित्यांवरील प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शिस्तभंगाची कारवाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समितीची बैठक येते. लांब टेबल, पलीकडे पाच जण, अलीकडे मान खाली घातलेला विद्यार्थी. पण समिती बसते तोवर प्रकरण बरंचसं ठरून गेलेलं असतं. ते ठरतं परीक्षेच्या वर्गात, कॉपीची चिठ्ठी सापडल्यानंतरच्या अर्ध्या तासात.

त्या अर्ध्या तासात काय करायचं? पर्यवेक्षकाने एकट्याने पुढे जायचं नाही, वरिष्ठ पर्यवेक्षकाला बोलवायचं. चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका ताब्यात घ्यायची, उत्तरपत्रिकेवर संशयित गैरप्रकाराचा शेरा आणि वेळ घालायची. मग विद्यार्थ्याला नवी उत्तरपत्रिका देऊन उर्वरित पेपर लिहू द्यायचा. इथेच सर्वांत मोठी चूक होते. पोराला वर्गाबाहेर काढलं जातं. त्याचा दोष अजून सिद्ध झालेला नसतो, आणि उद्या तो निर्दोष ठरला तर तो दीड तास त्याला कोण परत देणार?

जबाब त्याच्या हस्ताक्षरात, त्याला येत असलेल्या भाषेत घ्या. काही केंद्रांवर ‘मी कॉपी केली, मला माफ करा’ असा टाइप केलेला मजकूर तयारच असतो, खाली फक्त सही घेतात. तो कागद जबाब नव्हे. भेदरलेल्या मुलाने केलेली सही एवढंच त्यातून सिद्ध होतं. लिहायला नकार दिला, तर नकार दिल्याची नोंद करून दोघा पर्यवेक्षकांनी सह्या कराव्यात. चिठ्ठ्या किती, प्रत्येकीवर कोणत्या प्रश्नाचा मजकूर, त्या कुठे सापडल्या, हे लिहा. मोबाइल सापडला तर तो चालू होता की बंद, खिशात होता की वर्गापुढे ठेवलेल्या बॅगेत, याची नोंद अत्यावश्यक. त्यातले फोटो आणि मेसेज चाळत बसू नका. पाकिटात घालून विद्यार्थ्यासमोर सील करा. आणखी एक खबरदारी: मुंबई विद्यापीठात २०१७पासून उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासल्या जातात. या प्रकरणातली उत्तरपत्रिका नेहमीच्या गठ्ठ्यात गेली, तर ती इतरांबरोबर स्कॅन होऊन परीक्षकाकडे पोचते आणि मग तिचा माग काढत बसावं लागतं. तिचं पाकीट वेगळंच हवं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण शिक्षा पायरीपायरीची आहे. मुंबई विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ५०५०च्या, म्हणजे परीक्षेतल्या गैरप्रकारांवरच्या नियमाच्या, तक्त्यात कॉपीचं साहित्य नुसतं बाळगणं एका पायरीवर आहे: त्या परीक्षेतली सगळी कामगिरी रद्द. त्यातून प्रत्यक्ष उतरवलं असेल तर त्याशिवाय पुढची आणखी एक परीक्षा बंद. दुसऱ्याच्या नावावर पेपर लिहायला बसणं याहून कितीतरी वरच्या पायरीवर. बाळगलं की उतरवलं, हे चिठ्ठी आणि उत्तरपत्रिका शेजारी ठेवून विषयाच्या शिक्षकालाच सांगता येतं. प्रश्न क्रमांक आणि ओळी जुळवून त्याने लेखी अहवाल द्यायला हवा. तो नसेल तर समिती अंदाजाने शिक्षा देते, आणि अंदाजाची किंमत एटीकेटीत (मागे राहिलेल्या विषयांत) अडकलेला मुलगा सहा महिन्यांनी मोजतो.

विद्यापीठाच्या परीक्षांसाठीची समिती २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे कायद्याच्या कलम ४८(५)खाली नेमली जाते. सदस्य जास्तीत जास्त पाच. तिने आधी कारणे दाखवा नोटीस द्यायची. नोटिशीत ‘तुम्ही गैरप्रकार केला’ एवढंच असेल तर तिला उत्तर तरी काय द्यायचं? तारीख, विषय, बैठक क्रमांक, काय सापडलं, नियमातलं कोणतं कलम लागतं, हे सगळं हवं. सोबत चिठ्ठीची आणि अहवालाची प्रत. पत्ता सावंतवाडीचा असेल आणि सुनावणी मुंबईत विद्यापीठाच्या कालिना संकुलात, तर नोटीस पोचून मुलाला रात्रीची गाडी पकडता येईल इतके दिवस हातात ठेवा.

शिक्षेआधी विद्यार्थ्याचं ऐकून घ्यायलाच हवं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच घनश्याम दास गुप्ता प्रकरणात सांगितलं. त्याला मर्यादाही आहेत. बिहारच्या १९७०च्या प्रकरणात एका केंद्रावरची परीक्षाच रद्द झाली होती. कुणा एकावर ठपका नव्हता, म्हणून प्रत्येकाला वेगळं ऐकण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. १९७३च्या हीरानाथ मिश्र प्रकरणात मुलींच्या वसतिगृहात शिरलेल्या विद्यार्थ्यांविरुद्ध मुलींचे जबाब त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतले गेले, आणि न्यायालयाने ते मान्य केलं. मुलींना पुढे त्याच आवारात वावरायचं होतं. मात्र हे दाखले साध्या कॉपी प्रकरणात पुढे केले जातात तेव्हा ते चुकीचंच असतं. तिथे कुणालाही कुणाची भीती नसते. नोटीस लिहिण्याचा कंटाळा असतो.

रॅगिंगची चाकोरी वेगळी. महाराष्ट्राच्या १९९९च्या कायद्यानुसार लेखी तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्या प्राचार्यांनी ध्यानात ठेवावं की चौकशीत हयगय केली तर कायदा त्यांनाच रॅगिंगला साथ देणारे मानतो. लैंगिक छळाची तक्रार शिस्तपालन समितीकडे आणूच नका; ती अंतर्गत तक्रार समितीची. ‘आधी आम्ही ऐकतो’ म्हणणं म्हणजे त्या मुलीला तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावणं.

शेवटचा कागद म्हणजे आदेश. ‘विद्यार्थ्याचा खुलासा समाधानकारक नाही’ हे कारण नव्हे. त्याने काय सांगितलं, ते का पटलं नाही, आणि हीच शिक्षा का, हे आदेशात आलं पाहिजे. आणि हे सगळं वेळेत. प्रकरण पडून राहतं तोवर तृतीय वर्षाचा निकाल राखून ठेवलेला असतो, एम.कॉम.चे प्रवेश संपतात, हाताशी आलेली नोकरी जाते. निर्दोष सुटलेल्या विद्यार्थ्यानेही तोवर वर्षभराची शिक्षा भोगलेली असते. म्हणून पाकीट समितीकडे पोचेल त्याच दिवशी सुनावणीची तारीख रजिस्टरमध्ये लिहा.