वेताळाची पालखी, 28 मिलीमीटरमध्ये

सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं, जिथं दिवसभर लूमचा खडखडाट चालू असतो, तिथल्या एका मित्राच्या घराच्या माडीवर सध्या भुतांची फौज उभी राहतीये, बोटाएवढ्या मूर्तींची. खरंच फौज. ट्रेमध्ये रांगेनं सांगाडे, मागं झोंबी, एका वाटीत नुसते हात आणि कवट्या, आणि खिडकीत मशाली वाळत ठेवल्यात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, हा टेबलटॉप वॉरगेम. दोघं जण समोरासमोर, मधी टेबल, टेप घेऊन इंच मोजायचे, फासे टाकायचे, आणि मूर्ती आपल्या आपण रंगवायच्या. प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटांत असते, अख्खी फौज ठरलेल्या पॉइंटांत बसवायची, समजा 2000. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपनं 1983 साली वॉरहॅमर आणला, आणि त्या जगात मेलेल्यांची फौज फार जुनी आहे. लोक ती का घेतात, तर ती पळत नाही. माणसांची तुकडी हरली की घाबरून पळ काढते, सांगाड्याला घाबरायला काय उरलंय? पण त्याची किंमत अशी की लढाईत हरले की ते जागच्या जागी ढासळतात, जेवढं मोठं हरणं तेवढे जास्त पडतात. आणि मागं उभा असलेला मांत्रिक मंत्र टाकून पडलेल्यांना परत उठवतो. म्हणजे प्लॅनिंगचा अर्धा हिशोब इथंच झाला, पुढं स्वस्तातली गर्दी पाहिजे, मागं मांत्रिक जपला पाहिजे, आणि उठवायला पेटीत जास्तीचे सांगाडे पाहिजेत.

आता गर्दी म्हटलं की रंगवणाऱ्याचं मरण. बरेच जण इथंच अडकतात, एकेक सांगाडा दागिन्यासारखा रंगवायला घेतात आणि दहाव्याला ब्रश ठेवून देतात. ह्या मित्राचं घरचं काम चादरीचं. तो म्हणतो, "चादर कोण भिंग लावून बघतंय का बे, दारातनं डिझाईन दिसली पाहिजे." फौज पण टेबलावर दोन-तीन फुटांवरून बघतात. म्हणून त्यानं आधी रंग ठरवले, तेही तीनच. हाडाचा, गंजाचा, आणि मशालीचा निळसर हिरवा. तो तिसरा रंग दुसरीकडं कुठंच लावायचा नाही, ढालीवर नाही, झेंड्यावर नाही, कितीही मोह झाला तरी नाही. मला विचाराल तर सगळ्या प्लॅनमधला हा सगळ्यात हुशार निर्णय, कारण नजर आपोआप मशालीकडं जाते आणि मागच्या रांगेतला सांगाडा किती उरकलाय ते कोणी बघत नाही.

आणि मशालीच का? कारण गोष्ट वेताळाची. गेमच्या परदेशी पुस्तकांत व्हॅम्पायर सरदार असतो, किल्ला असतो, वटवाघळं असतात, चांगलंच आहे ते. पण आपल्याकडं भुतांचा राजा वेताळ, कोकणातल्या गोष्टींत रात्री त्याची पालखी निघते, पुढं मशाली, मागं सगळा भुतांचा लवाजमा. अख्खी फौज आयती मिळाली की! सेनापती वेताळ. किंचाळणाऱ्या बाईभुताच्या जागी हडळ. धिप्पाड खवीस म्हणजे मोठा राक्षस. आणि सांगाडे दख्खनी शिपायांचे, म्हणून गोल ढाली, त्यावर चार फुलं. ती फुलं म्हणजे ग्रीन स्टफच्या, म्हणजे मळून वापरायच्या हिरव्या पुट्टीच्या, बारीक गोळ्या, सुईच्या टोकानं उचलून बसवलेल्या. नियम मात्र पुस्तकातलेच, फक्त कपडे आपले.

आता रंगकाम. पहिल्यांदा मॅट काळा स्प्रे. इथं सोलापूरचं ऊन आडवं येतं, एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर, भर दुपारी स्प्रे मारला तर रंग हवेतच वाळतो आणि मूर्तीवर पावडर बसते, हात फिरवला की खरखर. म्हणून स्प्रे पहाटेच. वरचा मॅट वार्निश पावसाळी दमट हवेत मारायचा नाही, पांढरट धुकं धरतं. पॅलेटवरचा रंग तर पंख्याखाली बघता बघता चामडं होतो, त्याला उपाय म्हणजे वेट पॅलेट, चपट्या डब्यात ओला स्पंज आणि वर बटर पेपर. ह्यानं स्पंजच्या जागी टॉवेलचा तुकडा टाकलाय, सोलापुरात टॉवेलला काय तोटा.

काळ्यावर ड्रायब्रश. ब्रशला रंग लावून जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि मग वरून खाली हलकेच फिरवायचा. आधी करडा, मग मळका पांढरा. बघा, बरगड्यांच्या कडा उजळल्या आणि मधल्या फटी आपोआप काळ्या राहिल्या, डोळ्यांच्या खोबणी रंगवायची गरजच नाही. त्यावर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, पाण्यासारखा पातळ, मग सांध्यांत पातळ बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी. एका वेळी अख्खा ट्रे, एकच स्टेप, सगळ्यांना, शेवटच्यापर्यंत पोचलो की पहिला वाळलेला असतो. तलवारींना गंजासाठी तांबूस बर्न्ट सिएना, स्पंजच्या तुकड्यानं टिपलेला, चंदेरी फक्त धारेवर. वेळ घालवायचा तो वेताळावर आणि मशालींवर. ज्योत रंगवताना लोक आत गडद आणि बाहेर फिकं करतात, खरं उलटं असतं, आत जवळपास पांढरं आणि टोकाकडं गडद. आणि मशालीचा उजेड चेहऱ्याच्या एकाच बाजूला पडला पाहिजे, नाहीतर सांगाडा हिरवी कावीळ झाल्यासारखा दिसतो.

हडळीच्या साडीसाठी लूमवरचं सूत वापरायचा विचार होता, घरात पोत्यानं पडलंय. पण ह्या मूर्ती 28 मिलीमीटरच्या, म्हणजे माणसाच्या साठाव्या भागाच्या आसपास. अर्ध्या मिलीमीटरचा दोरा त्या हिशोबात 3 सेंटीमीटरचा दोरखंड होतो. म्हणून साडी टिश्यू पेपरची, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून, ओली असतानाच चिमट्यानं निऱ्या पाडायच्या. सुताची सोय झाली ती पालखीच्या दोरांना.

मूर्तीच्या पायाखालच्या बेसला माती मात्र अस्सल इथली. रानातली काळी माती, तव्यावर चांगली भाजून, गाळणीतून गाळून. आई जिन्यावरून ओरडलीच, "तो तवा परत भाकरीला घेऊ नको म्हणजे झालं." मातीवर पातळ फेविकॉल सोडला की ती धरते, आणि थर जाड असला तर वाळताना भेगा पण पडतात, उन्हाळ्यातल्या रानासारख्याच. त्या भेगांतून सुतळीचे धागे उभे केले की वाळकं गवत.

एक हिशोब अजून. मँटिक कंपनीच्या किंग्ज ऑफ वॉर ह्या दुसऱ्या वॉरगेममध्ये तुकडीतली डोकी एकेक करून काढत नाहीत, अख्ख्या तुकडीचं नुकसान लिहून ठेवतात. वीस जणांची तुकडी 100 बाय 80 मिलीमीटरच्या ट्रेवर बसते. मग मधी एक पडकी समाधी, एक वठलेलं झाड ठेवलं की सांगाडे कमी लागतात आणि देखावा जास्त होतो. स्पर्धेत कमीत कमी किती हवेत ते बघावं लागतं, घरी खेळताना कोण मोजतंय. पण वॉरहॅमरमध्ये माणसं सुटी निघायला पाहिजेत, म्हणून मित्राचे काही ट्रे चिकटवलेले आणि काही लोहचुंबकाचे. चुंबकाचा दुसरा फायदा म्हणजे मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात सगळे घट्ट उभे राहतात, आणि सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला खेळायला जाताना कुणाचा हात मोडत नाही.

पालखी अजून कोरी आहे. दांडा उदबत्तीच्या काडीचा झालाय, भोई चार उभे आहेत, आत वेताळ बसवायचा का रिकामी ठेवून त्याला पुढं चालवायचा यावर वाद चालूय. मी रिकामीच्या बाजूचा. पॉइंट पण वाचतात.