पत कोणाच्या वहीत?

श्रोतेहो, ईबे या इंटरनेटवरील लिलाव-बाजारात माल विकणाऱ्यांच्या तक्रारी जवळजवळ त्या बाजाराइतक्याच जुन्या आहेत. सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार यांनी कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ या नावाने हा लिलाव सुरू केला. तेथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका मोडक्या लेझर पॉइंटरचा उल्लेख होतो; त्याला १४.८३ डॉलर मिळाले होते. पुढच्याच वर्षी विक्रेत्यांकडून दलाली घेण्यास आरंभ झाला आणि त्याच सुमारास, फेब्रुवारी १९९६ मध्ये, खरेदीदार व विक्रेता यांनी व्यवहारानंतर एकमेकांविषयी अभिप्राय नोंदवण्याची सोयही आली. आजच्या विवेचनात मला दलालीपेक्षा या दुसऱ्या गोष्टीविषयीच अधिक बोलायचे आहे, कारण विक्रेता गाऱ्हाणे दलालीचे सांगत असला तरी त्याचे खरे दुखणे बहुधा तेथे नसते.

दलालीचे आटोपून टाकू. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने नवे दर जाहीर केले. वस्तू यादीत लावण्याचे शुल्क थोडे उतरले, पण विक्री झाल्यावर पहिल्या २५ डॉलरांवर द्यावयाची दलाली ५.२५ टक्क्यांवरून ८.७५ टक्क्यांवर गेली. म्हणजे २५ डॉलरांच्या वस्तूवर पूर्वी सुमारे १.३१ डॉलर कापले जात, ते आता २.१९ झाले. लहान विक्रेत्याच्या नफ्यात हा खड्डा मोठा होता, हे कबूल केलेच पाहिजे. तरीही दर वाढवणारा बाजार सोडून दुसऱ्या बाजारात जाणे हा व्यापाऱ्याचा जुना आणि सोपा उपाय आहे. तो येथे का चालला नाही, हा प्रश्न मला दरापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

त्याचे एक उत्तर लिलावाच्या घडणीत आहे. ईबेवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम सांगून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवत नेते. समजा, एका जुन्या कॅमेऱ्यासाठी तिघांनी अनुक्रमे ९०, ७० आणि ४० डॉलर अशी कमाल मर्यादा ठेवली आहे. कॅमेरा पहिल्याला मिळेल, पण तो ९० ला मिळणार नाही. ७० च्या किंचित वर मिळेल. आता यांतला दुसरा मनुष्य त्या दिवशी बाजारात आलाच नाही असे धरा. भाव एकदम ४० च्या आसपास येतो. तिसराही आला नाही, तर विक्रेत्याने जी आरंभीची बोली ठेवली असेल तेवढ्यावरच माल जातो. लिलावात भाव ठरतो तो हरणाऱ्याच्या बोलीने. म्हणून विक्रेत्याला ज्या एका माणसाला वस्तू विकायची आहे तो पुरेसा नसतो, त्याच वस्तूसाठी झगडून हरणारा आणखी एक जण तरी त्याला हवा असतो. ठरलेल्या किमतीचे दुकान गर्दीविना कसेबसे चालू शकते. लिलाव मात्र ओस पडला की नुकसानीचा सौदा होतो.

याची साक्ष खुद्द या व्यवसायाच्या इतिहासातच सापडते. अमेरिकेत याहूने आपल्या लिलावासाठी विक्रेत्यांकडून शुल्क घेणे २००५ मध्ये बंद केले. फुकट लिलाव मिळत असताना ईबेला कंटाळलेले सगळे विक्रेते तिकडे धावतील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षात २००७ च्या जून महिन्यात याहूला तो विभाग मिटवावा लागला. याउलट जपानमध्ये याहू जपानने १९९९ मध्येच लिलाव सुरू करून गर्दी जमवली होती. ईबे तेथे २००० मध्ये पोहोचली आणि २००२ मध्ये तिने गाशा गुंडाळला. म्हणजे ईबेमध्ये काही अलौकिक शक्ती आहे असे नव्हे. जेथे खरेदीदार आधी जमले तेथे विक्रेते गेले, आणि विक्रेते तेथे आहेत म्हणून खरेदीदार तेथेच राहिले. एकेकट्या विक्रेत्याने निघून जाण्यात त्याचाच तोटा होतो आणि सर्वांनी एकाच दिवशी निघायचे तर त्यांना एकत्र आणणार कोण? फेब्रुवारी २००८ मध्ये तसा प्रयत्न झाला. १८ तारखेपासून आठवडाभर माल न लावण्याचे आवाहन विक्रेत्यांनी एकमेकांना केले आणि अनेकांनी ते पाळलेही. नवे धोरण त्यानंतरही राहिलेच.

आता पत, म्हणजे या अभिप्रायांतून बाजारात होणारे नाव, या विषयाकडे वळतो. त्या बहिष्कारामागे दरवाढ होतीच, पण लोकांना अधिक झोंबले ते दुसरे कलम. मे २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी प्रतिकूल, एवढेच काय, तटस्थ अभिप्रायही देता येणार नाही, असे त्यात ठरले होते. खरेदीदाराचा विक्रेत्यावर काहीही लिहिण्याचा अधिकार मात्र कायम राहिला. पैसे न देणारा, वस्तू वापरून परत करणारा, वाईट शेरा देण्याची धमकी देऊन किमतीत सूट मागणारा, अशा ग्राहकांविषयी इतर विक्रेत्यांना सावध करण्याचा मार्ग त्यामुळे बुजला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अशी ही अवस्था होती.

तथापि कंपनीने हे निव्वळ लहरीपणाने केले असे म्हटले, तर तो अन्याय होईल. जुन्या पद्धतीत अनेक विक्रेते खरेदीदाराचा अभिप्राय येईपर्यंत आपला अभिप्राय राखून ठेवत आणि त्याने प्रतिकूल लिहिले की उलट त्याच्यावरही तसाच शेरा मारत. या भीतीने खरेदीदार गप्प बसत आणि गप्प बसलेल्यांमुळे जवळजवळ प्रत्येक विक्रेता निष्कलंक दिसे. सगळेच निष्कलंक दिसू लागले, तर पत या शब्दाला अर्थ उरत नाही. रोगाचे निदान बरोबर होते, असे माझे मत आहे. पण दोघांचेही अभिप्राय झाकून ठेवून एकाच वेळी उघड करणे, हा सूडाची संधीच न ठेवणारा साधा उपाय उपलब्ध असताना एका पक्षाची लेखणीच काढून घेण्यात आली. त्याच्या वर्षभर आधी, २००७ मध्ये, विक्रेत्याला चार कलमांवर एक ते पाच तारे देण्याची रीत आली होती. त्यांतले एक कलम माल रवाना होण्यास लागलेल्या वेळाचे होते. टपालखात्याने उशीर केला तरी तारा विक्रेत्याचाच कमी होई, आणि तो कोणी कमी केला हेही त्याला कळत नसे. (टपालखात्याला तारे देण्याची सोय कोणी काढली असती, तर विक्रेत्यांनी त्यासाठी वेगळे शुल्कसुद्धा आनंदाने भरले असते.)

हे तारे शोभेपुरते नव्हते. शोधाच्या निकालात कोणाचा माल वर दिसेल हे त्यांवर अवलंबून राहू लागले. २००२ मध्ये ईबेने पेपाल ही पैसे पोहोचवणारी कंपनी विकत घेतली होती, आणि २००८ मध्ये काही विक्रेत्यांचे पैसे २१ दिवसांपर्यंत अडकवून ठेवण्याचा नियम आला. तो कोणाला लागू होणार हेही बरेचसे विक्रेत्याच्या पूर्वलौकिकावरच ठरत असे. बाजार, पेढी आणि पत नोंदणारी वही या तिन्ही गोष्टी एकाच हातात होत्या. पेपाल २०१५ मध्ये वेगळी झाली, पण पुढे ईबेने पैशांचा व्यवहार पुन्हा स्वतःकडे घेतला, तेव्हा ती फारकत विक्रेत्याच्या दृष्टीने कागदावरचीच राहिली.

पत ही मुळात कमावणाऱ्याची असते, अशी आपली समजूत आहे. वर्षानुवर्षे चोख माल दिला, शब्द पाळला, की माणूस दुसऱ्या पेठेत गेला तरी त्याचे नाव त्याच्याबरोबर जाते. या बाजारात तसे घडत नाही, आणि घडू दिले गेले नाही. १९९९ मध्ये ॲमेझॉनने स्वतःचा लिलाव सुरू केला, तेव्हा विक्रेत्यांना आपले ईबेवरील मानांकन तेथे आणता येईल अशी सोय तिने केली. ईबेने कडाडून हरकत घेतली. ही माहिती आपल्या मालकीची आहे, असा तिचा दावा होता, आणि अखेर ॲमेझॉनने ती सोय बंद केली. ईबेचा युक्तिवाद अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण अभिप्राय लिहिणारे तिच्या आवारात जमले होते आणि ती वही राखण्याचा खर्चही तीच करत होती. पण त्या दिवशी विक्रेत्याच्या पायातली बेडी पक्की झाली. २००८ मधला विक्रेता दरवाढ सोसत राहिला, याचे गर्दीनंतरचे दुसरे कारण हेच आहे: हजारभर व्यवहारांतून उभे राहिलेले नाव टाकून नवख्या माणसासारखे दुसऱ्या दारात उभे राहण्याची त्याची तयारी नव्हती.

अलीकडे परिस्थिती थोडी हलली आहे. जर्मनीत २०२३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये ईबेने हौशी, खाजगी विक्रेत्यांची दलाली काढून टाकली. ब्रिटनमध्ये नंतर तिच्या जागी खरेदीदाराकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली. धंदा म्हणून विकणाऱ्यांना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी युरोपीय संघाची १२ जुलै २०२० पासून लागू असलेली नियमावली अधिक मोलाची आहे. अटी बदलायच्या असतील तर साधारणपणे किमान १५ दिवस आधी कळवणे, खाते गोठवल्यास कारण देणे, मालाचा क्रम कोणत्या निकषांवर लावला जातो ते सांगणे आणि तक्रार ऐकण्याची अंतर्गत व्यवस्था ठेवणे, ही बंधने तिने अशा बाजारांवर घातली आहेत. व्यवहारांतून जमणारी कोणती माहिती विक्रेत्याला पाहता येते आणि कोणती नाही, हेही बाजाराने अटींत लिहून ठेवावे, असे ती म्हणते. लिहून ठेवावे, इतकेच. मानांकन उचलून दुसऱ्या बाजारात नेण्याचा हक्क तिने दिलेला नाही.