पंखा वायरीजवळ की वाफेजवळ?

(पडद्यावर: छताचा कोपरा, अगदी जवळून)

हे लालबागमधल्या एका घरातलं बाथरूम, म्हणजे त्याचं छत. ते काळं दिसतंय ना, ती बुरशी. वरून रंग मारून झालाय, बुरशीचा रंगसुद्धा एकदा मारून झालाय, गणपतीपर्यंत ही बाई परत हजर. आणि गंमत काय, या बाथरूमला एक्झॉस्ट फॅन आहे आणि तो चालू आहे. ऐका आवाज.

आता तो लावलाय कुठे ते बघा. दाराच्या डोक्यावर. कारण दाराबाहेर पॅसेजमध्ये बोर्ड आहे, बोर्डापासून पंखा दोन फुटांवर, म्हणजे वायर कमी, वायर झाकायची पट्टी कमी, अर्ध्या तासात काम खल्लास आणि वायरमन पुढच्या घरी. वायर जिथे संपली तिथे पंखा, वाफ कुठे आहे ते कोणी विचारलंच नाही. बरं तो फेकतो कुठे, तर पॅसेजमध्येच! समोरच्या कॅलेंडरची पानं बघा कशी गोळा झालीत, पापडासारखी.

(पडद्यावर: ताईंचा जुना फोटो, चाळीतली खोली)

या घरातल्या ताई वाढल्या नायगावच्या बीडीडी चाळीत. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि आताच्या ना. म. जोशी मार्गावर या चाळी बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सगळ्यांचे मिळून. आणि आंघोळ खोलीतल्या मोरीत. हे बघा, गुडघाभर कठडा, वर साडीचा पडदा, पाणी तापवलेलं पातेलं स्टोव्हवरून थेट बादलीत. वाफ व्हायची तेव्हाही, पण चाळीत दार दिवसभर उघडं, बाहेर मजल्याचा पॅसेज, दारासमोरच्या भिंतीत खिडकी, हवा एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, तिला पंखा कशाला लागतोय. मोरीला भिंती आल्या, दार आलं, भिंतींना वरपर्यंत टाइल्स आल्या, गिझर आला. हवेची ती ये-जा मात्र बंद झाली, आणि आपण आपलं दरवर्षी रंगवाल्याला बोलावतोय.

(पडद्यावर: उदबत्ती)

हा शॉट मला फार आवडतो. पंख्याची जागा बदलायला आलेल्या वायरमनदादांनी देवघरातली उदबत्ती मागून घेतली, दार लावलं आणि जुना पंखा सुरू केला. उदबत्ती दाराच्या फटीशी धरली की धूर सरळ वर, पंख्यात. आता तीच शॉवरच्या कोपऱ्यात धरलीय. धूर बघा, जागेवरच घुटमळतोय, त्याला कुठे जायचंच नाहीये. हवा दाराखालून आली आणि दारावरूनच परत गेली, मधल्या चार बाय सहा फुटांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही.

खिडकी आहे की, असं वाटेल. आहे, समोरच्या भिंतीत, डक्टकडे, म्हणजे इमारतीतल्या पाइपांच्या उघड्या बोळाकडे उघडणारी, काचेच्या लूव्हर्सची, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची. पण तिच्यावर आतून फ्लेक्सचा तुकडा चिकटवलाय, कुठल्यातरी वाढदिवसाचा असावा, नमस्काराचे हात तेवढे उरलेत. कारण? कबुतरं. २०२५ मध्ये कबुतरांना दाणे टाकणं थांबवायला दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण डक्टमधल्या कबुतरांचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं.

तर दादांचं म्हणणं साधं. ताजी हवा दाराखालून येते ना, मग पंखा दारापासून जितका लांब नेता येईल तितका लांब आणि जितका वर बसवता येईल तितका वर, म्हणजे हवेला अख्खं बाथरूम ओलांडून, वाफ सोबत घेऊनच जावं लागतं. इथे ती जागा खिडकीच. मात्र शॉवरचं पाणी थेट पंख्यावर येईल अशी जागा नको, वायरिंगचे नियमही शॉवरपासून अंतर धरतात, शिवाय पंख्याच्या डब्यावर आयपीएक्स४ लिहिलेलं असावं, म्हणजे कुठूनही पाणी उडालं तरी तो दाद देत नाही.

पंखा केवढा, याचा हिशोब त्यांनी पुठ्ठ्यावर केला. चार गुणिले सहा गुणिले नऊ फूट, २१६ घनफूट. ही हवा तासाला दहा वेळा बदलायची तर मिनिटाला ३६ घनफूट. डब्यावर आकडा घनमीटरमध्ये असला तर तासाला साधारण ६१. सहा इंची पंख्याला हे अगदीच किरकोळ आहे.

वरच्या काचा काढल्या, तिथे ॲक्रेलिकची शीट. गोल आखायला कंपास धाकट्याच्या दप्तरातून आला, त्याचा चेहरा बघा. मागे आपोआप मिटणारी झडप, तिच्या बाहेर कबुतरांसाठी जाळी.

(पडद्यावर: बोर्ड उघडलेला, टेस्टर)

आता वायरिंग, आणि इथे जरा थांबा. जुन्या पंख्याचं बटण बंद आहे. टेस्टर लावला. पेटला! बटण बंद असताना पंख्याच्या टोकाशी फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, जिवंत आहे, कारण आधी कोणीतरी स्विच न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर बसवलाय. बटण बंद केलं की पंखा थांबतो, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही, पण २३० व्होल्ट तिथेच बसलेले असतात. मागच्या पावसाळ्यात स्टुलावर चढून हाच पंखा पुसताना ताईंच्या सासऱ्यांना शॉक बसला होता, बचावले.

मेन बंद, परत टेस्टर, मग हात. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, तिन्ही वायरी दीडच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या. स्विच फेजवर, आणि तो बाथरूमच्या बाहेरच. पंख्याची बॉडी लोखंडी आहे म्हणून हिरवी वायर लागणारच, ती कापून टेपमध्ये गुंडाळायची नाही, आणि हे मी तीनदा म्हणायला तयार आहे. प्लास्टिकच्या पंख्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर तो डबल इन्सुलेशनचा, त्याला अर्थिंगचं टोक नसतंच. पॅसेजमधून छताच्या कडेने केसिंग-पट्टी गेली चौदा फूट, मध्ये एकही जॉईंट नाही. पंख्यात शिरण्याआधी वायर मुद्दाम खाली झोल देऊन वर नेलीय, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी त्या झोलावरूनच गळून पडतं, आत जात नाही. मेनजवळ ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, नव्हती, तीही बसली. हे सगळं वायरमनच्या हातचं काम आहे, व्हिडिओ बघून स्वतः स्टुलावर चढू नका.

दारावरची, जुन्या पंख्याची भोकं बुजली. दार खालून घासून अर्धा इंच फट ठेवली, नाहीतर नवा पंखा नुसताच धापा टाकत बसेल.

(पडद्यावर: उदबत्ती, पुन्हा)

तोच कोपरा, तीच उदबत्ती. बघा.

...

आंघोळीनंतर वीस मिनिटं चालू ठेवायचा. जुलैत जास्त, कारण सांताक्रूझला त्या एका महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बाहेरून येणारी हवाच ओली, ती पाणी टिपणार तरी किती. वीज म्हणाल तर ३० वॅटचा पंखा रोज तासभर चालला तरी महिन्याला एक युनिट होत नाही.

ताई गिझर लावतायत. आणि मागे जाळीवर, कडेने भरलेलं सिलिकॉन अजून ओलं असताना, पहिलं कबूतर येऊन बसलंय.