'मिनारी': आजी, आत्या आणि निम्मे संवाद

कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू हातात घ्यायचं. आधी बोटानं हलकेच दाबून शीट काढून टाकायची, नाहीतर आतलं काहीच दिसत नाही. मग शेपटाखालचं छिद्र उघडून टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा आहे का ते बघायचं. नर एका खोक्यात, मादी दुसऱ्यात. जोर जास्त झाला तर पिल्लू दुखावतं. सराव असलेला माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतो.

2020 च्या 'मिनारी' या सिनेमातले जेकब आणि मोनिका, म्हणजे अमेरिकेतलं कोरियन नवरा-बायकोचं जोडपं, हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या कारखान्यात, हेच काम करतात. अमेरिकेत आलेल्या अनेक कोरियन कुटुंबांचं पोट याच कामावर चाललं. सिनेमात नर पिल्लं अंडी देत नाहीत, म्हणून जाळली जातात. धुराड्यातला काळा धूर बघून जेकब लेकाला सांगतो, आपण उपयोगी पडलं पाहिजे. परक्या देशात आलेल्या बापाच्या पोटातली भीती अशी कामाच्या जागीच उघडी पडते. त्यासाठी वेगळं भाषण लागत नाही.

दिग्दर्शक ली आयझॅक चुंग. जन्म डेन्व्हरचा, बालपण अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या शेतावर. गोष्ट 1980 च्या दशकातल्या आर्कान्साची, चित्रीकरण शेजारच्या ओक्लाहोमातलं.

या सिनेमात कोरियन घराचं खरं प्रतिनिधित्व आहे ते भाषेत. आई-बाप आपसात कोरियन बोलतात, ॲन आणि डेव्हिड ही मुलं मधेच इंग्रजीत शिरतात, मोनिकाची आई, म्हणजे मुलांची आजी, बहुतेक कोरियनवरच असते. कोरियनमध्ये आदर क्रियापदाच्या शेवटात असतो. जावई सासूशी बोलतो त्याचा शेवट वेगळा, आई लेकीशी बोलते त्याचा वेगळा. इंग्रजी सबटायटलमध्ये हे सगळं एकाच 'यू'मध्ये बुडतं. मराठीत सबटायटल करणाऱ्यानं म्हणूनच इंग्रजीवरून उतरवू नये, मूळ आवाज ऐकणाऱ्याला शेजारी बसवावं. 'तू' आणि 'तुम्ही' आपल्याकडे आहेतच, ते वाया का घालवायचे?

चर्चमधला प्रसंग बघा. एक गोरी मुलगी ॲनसमोर तोंडाला येतील ते चिनीसारखे आवाज काढत सुटते. तुझ्या भाषेतला शब्द आला की थांबव, म्हणते. 'कोमो'शी ॲन तिला थांबवते. कोरियनमध्ये 'गोमो' (ऐकायला 'कोमो'सारखंच) म्हणजे आत्या. इंग्रजीत त्याचं नुसतं 'आंट' होतं. मराठी माणसाला आत्या आणि मावशी यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही, कोरियन माणसालाही नाही. अपमान आणि निरागसपणा एकाच वाक्यात दाखवणारं असं लेखन फार कमी वेळा बघायला मिळतं.

आजी तर बघतच राहावी अशी. कोरियाहून मिरचीपूड आणि सुकवलेली बारीक मासळी आणते, 'ह्वातू' हे कोरियन पत्ते खेळते, शिव्या देते. डेव्हिडला ती खरी आजी वाटत नाही, कारण ती बिस्किटं भाजत नाही. आजीचं मापसुद्धा त्यानं अमेरिकेकडून घेतलंय. ही भूमिका करणाऱ्या युन यु-जुंग यांना 2021 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. अभिनयाचं ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कोरियन कलाकार.

त्याच वर्षी गोल्डन ग्लोब या अमेरिकन पुरस्कारांमध्ये मात्र चित्रपट परभाषेच्या गटात गेला. नियम असा होता की निम्मे तरी संवाद इंग्रजीत हवेत. कंपनी अमेरिकन, दिग्दर्शक अमेरिकन, गोष्ट अमेरिकेतल्या शेताची, तरी सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या स्पर्धेला तो अपात्र ठरला. हे चुकीचंच होतं. घरात कोणती भाषा बोलली जाते यावरून घराचा देश ठरवला गेला. टीका झाली आणि पुढच्या वर्षापासून नियम बदलला.

मिनारी ही ओलीत वाढणारी पालेभाजी. जेकबची विहीर आटते, काढलेला भाजीपाला कोठारासकट जळतो. आजीनं ओढ्याकाठी टाकलेलं बी तेवढं माजतं. शेवटी बाप-लेक तिथं वाकून मिनारी काढतात आणि जेकब म्हणतो, आजीनं जागा छान निवडली.