कोमे: केस, शेंडा आणि शेंडेनक्षत्र

मित्रहो, ग्रीकमध्ये सुटा केस म्हणजे 'थ्रिक्स'. मग तो माणसाचा असो की घोड्याच्या शेपटीचा. पण डोक्यावर राखलेला, वाढवलेला, विंचरलेला केशसंभार म्हणजे 'कोमे'. आज मी बोलणार आहे ते या कोमेबद्दल.

'राखलेला' हा शब्द मी मुद्दाम वापरला. 'कोमेओ' या क्रियापदाचा अर्थ निगा राखणं. आजही ग्रीसमध्ये इस्पितळाला 'नोसोकोमिओ' म्हणतात, त्यातलं 'कोम' तेच. कोमे याच मुळातून आला असावा असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात, काहींना ते मान्य नाही. मला ते पटावंसं वाटतं, स्पार्टा या लढवय्या ग्रीक नगरराज्याच्या लोकांमुळे.

इसवी सनपूर्व 480. ग्रीसवर चालून आलेला इराणचा सम्राट झेर्क्सिस, त्याचा घोडेस्वार थर्मोपिलेच्या खिंडीपाशी टेहळणी करायला गेला. त्यानं पाहिलं, तर स्पार्टाचे काही सैनिक कसरत करताहेत आणि काही चक्क केस विंचरताहेत. झेर्क्सिसला हे हास्यास्पद वाटलं. त्याच्या पदरी स्पार्टाचा परागंदा राजा देमारातोस होता. तो म्हणाला, जिवावरच्या प्रसंगाला सामोरं जाताना डोक्याचे केस नीट करायची आमच्याकडे रीतच आहे. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं हे लिहून ठेवलंय. मला त्या विंचरण्यात फार मोठं धैर्य दिसतं.

आता ग्रीक महाकवी होमरकडे या. त्याच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या 23व्या सर्गात नायक ओडिसियस आपल्या पलंगाचं गुपित सांगतो. अंगणात खांबासारखं जाड ऑलिव्हचं झाड होतं. त्याभोवती त्यानं खोली बांधली, मग झाडाचा वरचा पानोरा छाटला आणि उरलेला बुंधा तासून त्याचा पलंगाचा खूर केला. त्या पानोऱ्याला होमर कोणता शब्द वापरतो? कोमे! झाडाचे केस.

पुढे हाच शब्द आकाशात गेला. 'आस्तेर कोमेतेस', म्हणजे लांब केसांचा तारा. लॅटिनमार्गे तोच इंग्रजीत 'कॉमेट' झाला. धूमकेतूच्या केंद्राभोवतालच्या धूसर वेढ्याला खगोलशास्त्रज्ञ अजून 'कोमा'च म्हणतात. रुग्ण जातो तो कोमा मात्र वेगळा. तो गाढ झोपेचा 'कोमा', त्यातला ओ दीर्घ. या दोघांचा काही संबंध नाही.

आणि आता आपल्या घरात बघा. धूमकेतू हा संस्कृत शब्द, त्यात धुराचा ध्वज आहे, केस नाहीत. पण माझी आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणायची. डोक्यावर शेंडी, झाडाला शेंडा, आभाळात शेंडेनक्षत्र! ग्रीकांनी एका शब्दात जे तीन अर्थ गुंफले, ते मराठीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून एकाच घराण्यातल्या शब्दांत बसवले. कुणी कुणाकडून उसनं घेतलं नाही. आणि पूजेचा नारळ सोलताना आपण काय करतो? त्याची शेंडी राखतो.