बटणावर कोण बसलंय?

[दृश्य : रत्नागिरी. हापूसची कलमं, जांभ्या दगडाचं घर. आत टेबलावर दोन स्क्रीन.]

हंगाम तोंडावर आलाय. आंब्याच्या पेट्या विकणाऱ्या वेबसाइटची इथे चाचणी चालू आहे. माउसला कुणाचा हात नाही, क्रोम चालवतोय सेलेनियम, म्हणजे माणसाऐवजी ब्राउझर हाताळणारं चाचणीचं साधन. नऊ वेळा हिरवं, म्हणजे पास; दहाव्यांदा लाल, म्हणजे नापास. कोड तोच, बटणही तेच.

[दृश्य : स्क्रीन, संथ गतीत.]

आता नीट बघा. ‘पेटी नोंदवा’ हे बटण आलं. सेलेनियम त्याच्या मध्यबिंदूवर क्लिक करणार, तेवढ्यात खालून कुकीची परवानगी मागणारी पट्टी वर सरकली आणि नेमकी त्याच बिंदूवर बसली. एरर आली : ‘एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड’, म्हणजे क्लिक मध्येच अडवला गेला. क्रोममध्ये ही ओळ शेवटपर्यंत वाचा. क्लिक कुणी अडवला, ते तिच्यातच लिहिलेलं असतं.

[दृश्य : कोडमधली ‘थ्रेड स्लीप’ची ओळ.]

ही ओळ चाचणीला ठरावीक वेळ नुसतं थांबवते. पाच सेकंदांची ही झोप पहिल्यांदा काढून टाका. नेट मंदावलं की पाच सेकंदही अपुरे पडतात, एरवी ते फुकट जातात. जावास्क्रिप्टने केलेला क्लिक तर त्याहून वाईट. पट्टीखाली झाकलेलं बटणही तो दाबतो, चाचणी हिरवी होते. गिऱ्हाइकाचं बोट मात्र पट्टीवरच पडतं आणि पेटी नोंदवायची राहते.

[दृश्य : नवा कोड, एकेक ओळ उमटते.]

त्याऐवजी ‘वेबड्रायव्हर वेट’ वापरा, म्हणजे सेलेनियम ठरावीक अट पूर्ण होईपर्यंतच थांबतो. आधी पट्टी वर आली की ती बंद करायची, ती अदृश्य होईपर्यंत थांबायचं, मग बटण ‘क्लिकेबल’ होईपर्यंत. हा क्रम महत्त्वाचा, कारण ‘क्लिकेबल’ची अट दोनच गोष्टी तपासते : बटण दिसतंय का आणि चालू आहे का. वर काय झाकलंय, हे ती बघत नाही. इम्प्लिसिट वेट, म्हणजे प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारी थांबण्याची मुदत, सोबत ठेवू नका. दोन्ही मिसळले की किती वेळ थांबणार याचा भरवसा उरत नाही.

वर चिकटून राहणारा हेडर, म्हणजे पानाची वरची पट्टी, आड येत असेल, तर बटण स्क्रोल करून स्क्रीनच्या मध्यावर आणा. ‘स्टेल एलिमेंट’ ही एरर आली, तर पान पुन्हा रेखाटलं गेलंय आणि आधी शोधलेलं बटण आता तिथे उरलेलं नाही. बटण नव्याने शोधा.

[दृश्य : बटण सरकतंय. फ्रेम थांबते, पुढे जाते, पुन्हा थांबते.]

प्लेराइट, म्हणजे सेलेनियमसारखंच दुसरं साधन, हे बरंचसं स्वतःच करतो. सलग दोन अ‍ॅनिमेशन फ्रेममध्ये बटण जागचं हललं नाही आणि क्लिक त्यालाच मिळणार असेल, तरच दाबतो. क्लिकला ‘फोर्स’ हा पर्याय लावलात की ही राखण गेली.

[दृश्य : हिरव्या ओळी, एकाखाली एक.]

नेट मुद्दाम संथ केलंय. तीच चाचणी, सलग 50 वेळा.

[दृश्य : बागेत फोन धरलेला हात. अंगठा बटणावर.]