रानात नेण्याजोगी स्वस्त कुऱ्हाड

नमस्कार, श्रोतेहो.

रानात मुक्काम करायचा ठरला की सामानाच्या यादीत कुऱ्हाड येते, आणि तिच्यासाठी पैसे किती मोडायचे हा प्रश्नही येतो. स्वीडनमधले जुने कारखाने कुऱ्हाडींसाठी नावाजलेले आहेत. हुल्ट्स ब्रुक १६९७ सालापासूनचा, ग्रॅन्सफोर्स ब्रुक १९०२ सालापासूनचा. त्यांचं काम देखणं असतं, यात वाद नाही. पण वर्षाकाठी चार-सहा रात्री उघड्यावर काढणाऱ्याला तेवढी महाग कुऱ्हाड लागतेच असं मला वाटत नाही. साधी कुऱ्हाड डोळसपणे पारखून घेतली आणि घरी आणल्यावर तिच्यासाठी एक संध्याकाळ दिली, तर ती बरीच वर्षं चोख काम करते. ती पारखायची कशी, एवढंच आज सांगणार आहे.

माझी पहिली कुऱ्हाड मी रंगाला भुलून घेतली होती. दांड्यावर लालभडक, चकचकीत रंग होता. दुसऱ्याच दिवशी एका ओंडक्यावर घाव घातला आणि पात्याच्या वीतभर खाली दांडा तिरका मोडला. पातं माझ्या पायापासून हातभर अंतरावर जाऊन पडलं. नंतर रंग खरवडून पाहिला, तर लाकडाचे धागे दांड्याच्या लांबीने न जाता तिरपे होऊन एका अंगाने बाहेर पडलेले होते. रंगाने तेच झाकलं होतं. तेव्हापासून रंगवलेला दांडा मी घेत नाही. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण फितुरीसाठी आहे खरी, पण वाईट दांडा हातात धरणाऱ्याच्याही जिवावर उठतो.

म्हणून सुरुवात दांड्यापासून करू. लाकडाच्या रेषा दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावताना दिसल्या पाहिजेत. मधेच काठावर येऊन संपत असतील, किंवा कुठे गाठ असेल, तर कुऱ्हाड परत ठेवा. मग दांड्याचं खालचं टोक पाहा. तिथे झाडाच्या वाढीच्या कड्या दिसतात. इथून तुम्हाला चित्र दाखवता येत नाही, म्हणून आपला उजवा हात समोर धरा, अंगठा वर आणि करंगळी खाली. तळहाताचं सपाट अंग हे पातं समजा. टोकावरच्या रेषा त्या सपाट अंगाला समांतर असाव्यात, आडव्या नसाव्यात. आडव्या रेषांचा दांडाही कधी कधी टिकतो. धागे तुटलेला दांडा मात्र टिकत नाही, म्हणून या दोहोंत पहिली खूण जास्त मोलाची. लाकूड हिकरीचं किंवा अ‍ॅशचं असेल तर चांगलंच, कारण दोन्ही चिवट असतात आणि घावाचा हादरा सोसतात.

आता दांड्याचं खालचं टोक डोळ्याजवळ धरा आणि बंदुकीचा नेम धरल्यासारखं पात्याकडे पाहा. धार दांड्याच्या मधल्या रेषेत यायला हवी. केसभर फरक चालतो, बोटभर फरक असेल तर प्रत्येक घाव वाकडा बसेल. मग वरून नेढ्यात पाहा, म्हणजे दांडा ज्या भोकात बसवतात तिथे. लाकूड चारी बाजूंनी गच्च बसलेलं आणि पाचर खोलवर ठोकलेली हवी. फट गोंदाने बुजवलेली दिसली तर ती घेऊ नका. पातं सैल झालं की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची सवय अनेकांना असते. त्याने लाकूड फुगतं, पण लोखंडाच्या आत त्याला जागा नसल्यामुळे ते स्वतःच चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. नवी पाचर ठोकणं हाच उपाय.

लांबी आणि वजन ठरवताना बहुतेकांचं चुकतं. पहिल्यांदा घेणारा माणूस हातोडीएवढी छोटी कुऱ्हाड उचलतो, कारण ती पिशवीत मावते आणि निरुपद्रवी वाटते. खरं तर ती जास्त धोक्याची. लांब दांड्याची कुऱ्हाड चुकली तर बहुधा पुढे जमिनीत रुतते. आखूड दांड्याची चुकली की तिची फेरी आपल्या गुडघ्याशी किंवा नडगीशी येऊन संपते. छोटीच न्यायची असेल, तर ती गुडघे टेकून आणि समोर लाकडाचा ठोकळा ठेवून वापरा.

माझ्या मते मुक्कामासाठी पात्याचं वजन ७०० ग्रॅम ते १ किलो आणि दांडा ५० ते ६५ सेंटिमीटर असावा. एका हाताने काटक्या तासता येतात, दोन्ही हातांनी पडलेली फांदी तोडता येते. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात जो ओत्झी नावाचा माणूस सापडला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा, त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती. तिचा दांडाही साधारण ६० सेंटिमीटरचा. पायी हिंडणाऱ्या माणसाच्या हाताला काय पेलतं, हे तेव्हापासून फारसं बदललेलं नाही. अधिक जड पातं घेतल्याने काम झपाट्याने होईल असं समजू नका. वजन दुप्पट केलं तर घावातली ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. दमलेल्या हाताला मात्र जड कुऱ्हाडीचा वेग साधत नाही.

लोखंडाची पारख दुकानात करणं अवघड असतं, पण घरी आणल्यावर कानस खरं काय ते सांगते. धारेवर कानस हलकेच फिरवा. ती थोडा विरोध होऊन लागत असेल, तर पोलादाला पाणी बरोबर दिलेलं, म्हणजे ते हवं तेवढंच कडक केलेलं आहे. काचेवरून घसरावी तशी घसरली, तर धार फार कडक आहे, गाठीवर आपटली की तिला खांडं पडतील. शिशात रुतावी तशी रुतली, तर धार मऊ आहे, दोन घावांत वळेल. मऊ धारेवर निदान पुन्हा पुन्हा कानस मारून भागवता येतं.

स्वस्त कुऱ्हाडीचा खरा दोष बहुधा पोलादात नसतो, तो धारेमागच्या जाडीत असतो. कारखान्यातून ती पाचरीसारखी जाड येते आणि लाकडात शिरण्याऐवजी उसळते. मी सुरुवातीला सांगितलेली संध्याकाळ इथे लागते. जाड हातमोजे घाला, पातं शेगड्यात आवळा, म्हणजे पकडीत घट्ट धरा, आणि दोन्ही बाजूंनी सारखी कानस चालवा. कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना ती उचलून घ्या. दोन्ही उतार मिळून धारेशी साधारण ३० अंशांचा कोन झाला की थांबा. मग दगडावर पाजवा. यंत्राच्या चाकावर घाई करू नका. पातळ धार चटकन तापते, तीनशेएक अंशांवर तिच्यावर निळी झाक येते आणि तेवढ्या भागाचं पाणी उतरतं. ते कानशीने परत येत नाही.

कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने, तुंब्याने, तंबूची खुंटी ठोकायला हरकत नाही, लाकडी असेल तर. लोखंडी छिन्नी किंवा पाचर त्याने ठोकू नका, आणि अडकलेली कुऱ्हाड सोडवायला तिच्या तुंब्यावर घण घालू नका. नेढं फाकतं. कुऱ्हाडीच्या किमतीतून वाचलेल्या पैशांतून एक घडीची करवत घ्या. आडवं कापायला करवत, उभं फोडायला कुऱ्हाड, अशी वाटणी केली की सरपण निम्म्या श्रमात होतं. अर्थात, जिथे लाकूड घ्यायची परवानगी आहे तिथलं, आणि खाली पडलेलं, वाळलेलंच.

शेवटी म्यान आणि तेल. म्यान नसेल तर जाड चामड्याचा तुकडा धारेवर बांधा, उघडी कुऱ्हाड पिशवीत कधीही टाकू नका. दांड्यावरचं चकचकीत रोगण खरवडून काढा, नाहीतर तळहाताला फोड येतात, आणि त्यावर उकळलेलं जवसाचं तेल चोळा. तेल चोळलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळ्याला आपोआप आग लागू शकते. त्या एकेक सुट्या करून घराबाहेर पसरा, पूर्ण वाळू द्या, मगच टाका.

नमस्कार.